मूळपणाचे सोवळे

जुन्या वस्तूंवर प्रेम करणाऱ्या मंडळींशी भांडण उकरून काढण्याची मला मुळीच हौस नाही. कारण मी स्वतःच त्या मंडळींपैकी एक आहे. परंतु गेल्या हिवाळ्यात जुन्या वाहनांच्या एका मेळाव्यात जो प्रसंग घडला, त्यावरून या प्रेमाला अलीकडे जे सोवळे चढू लागले आहे, त्याविषयी चार शब्द स्पष्टपणे लिहिणे मला प्राप्त झाले आहे. ग्रंथपरीक्षणांच्या आणि निबंधांच्या पानांत मोटारसायकलच्या चेनची चर्चा कशाला, असे ज्या वाचकांस वाटेल त्यांनी थोडा धीर धरावा, एवढीच विनंती.

प्रसंग असा. माझ्याजवळ माझ्या वडिलांनी वापरलेली १९६८ सालची ३५० सीसीची बुलेट आहे. आठवड्यातून तीन-चार दिवस ती मी कॉलेजात नेतो, आणि जून-जुलैत एखाद-दोन वेळा हिंदमाताच्या गुडघाभर पाण्यातून ढकलत भोईवाड्यात घरी आणतो. मेळाव्याला मी गेलो तो बक्षिसाच्या आशेने नव्हे, मित्रांच्या आग्रहाखातर. परीक्षक म्हणून जे सद्गृहस्थ आले होते ते व्यासंगी होते यात शंका नाही. त्यांनी दिवे पाहिले, टाकीवरच्या रेघा पाहिल्या, मान डोलावली. मग ते मागच्या चाकापाशी खाली वाकले, सहा बोल्टांची डोकी बोटाने एकेक मोजली, पुढच्या स्प्रॉकेटचे दाते किती ते मला विचारले, आणि उठून हात पुशीत म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, गाडी ठेवली आहे उत्तम, पण बाटवली आहे हो तुम्ही."

'बाटवली' हा त्यांचाच शब्द. तो त्यांनी थट्टेने वापरला असता तर मी हसून सोडून दिले असते. परंतु त्यांच्या मुद्रेवर थट्टेचा लवलेश नव्हता. त्या एका शब्दात या पंथाचे सारे तत्त्वज्ञान साठवलेले आहे असे मला वाटते, आणि म्हणूनच त्याचा समाचार घेणे इष्ट आहे.

आता मी नेमके कोणते पाप केले ते सांगतो. जुन्या बुलेटच्या मागच्या चाकात ब्रेकचा ड्रम आणि स्प्रॉकेट हे दोन्ही एकाच ओतीव तुकड्याचे असतात. ड्रमच्या कडेलाच ३८ दाते कापलेले. कारखान्याच्या दृष्टीने ही काटकसर असेल. मालकाच्या दृष्टीने ती उधळपट्टी आहे. कारण दाते झिजले म्हणजे धडधाकट ड्रमही त्यांच्याबरोबर भंगारात जातो. माझ्या गाडीचे दाते झिजून आकड्यासारखे वाकले होते. मी प्रथम बाजारातून नवा ड्रम आणला, अगदी मूळ नमुन्याबरहुकूम, आणि तो बसवला. त्याचे केंद्र चुकलेले होते. चाक हाताने फिरवावे तो अर्ध्या फेरीत चेन वीणेच्या तारेसारखी ताठ, आणि उरलेल्या अर्ध्या फेरीत ओल्या दोरीसारखी सैल. अशा चेनवर माणसाने पाठीमागे बायकोला बसवून परळच्या उड्डाणपुलावरून जावे काय? मूळपणाच्या परीक्षेत मात्र हाच ड्रम पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाला असता.

भोईवाड्यात माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर एक वृद्ध टर्नर आहेत. एका गिरणीच्या मशीनशॉपमध्ये त्यांची उमेदवारी झाली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने ज्या हजारो कुशल हातांना गिरणीबाहेर काढले त्यांतलेच हे एक. पुढे एका गाळ्यात लेथ टाकून त्यांनी संसार केला. त्यांच्याकडे मी दोन्ही ड्रम घेऊन गेलो. नवा ड्रम त्यांनी टकटक वाजवून बाजूला ठेवला आणि जुना हातात घेऊन म्हणाले, "सर, ह्याचं लोखंड चांगलं आहे. दाते गेले म्हणून ड्रम फेकायचा? दात दुखला म्हणून कोणी जबडा काढतो काय?"

नंतर त्यांनी जे केले ते पाहण्यासाठी मी एका रविवारी सबंध सकाळ त्या गाळ्यात उभा होतो. ज्या आतल्या पृष्ठभागावर ब्रेकचे शू घासतात तोच केंद्रस्थानी धरून त्यांनी ड्रम लेथवर बांधला, कारण दाते आणि ब्रेक यांचे केंद्र एकच राहिले पाहिजे. डायल लावून तो काटेकोर फिरतो आहे याची खात्री करून घेतली. मग झिजलेले दाते कातून काढले आणि त्या जागी एक खांदा तयार केला. त्या खांद्यावर घट्ट बसेल अशी पोलादी कडी, तिच्यावर नवे ३८ दाते, आणि सहा बोल्ट. खांद्याने केंद्र सांभाळायचे आणि बोल्टांनी नुसते धरून ठेवायचे, ही वाटणी त्यांनी मला दोनदा समजावून सांगितली. ज्या गाड्यांत बोल्टांवरच सारा भार टाकलेला असतो त्यांचे बोल्ट एके दिवशी तुटतात, आणि तो दिवस नेमका घाटातला असतो, असे त्यांचे म्हणणे. पुढच्या आणि मागच्या स्प्रॉकेटच्या कडा एका रेषेत आहेत की नाहीत हे त्यांनी सरळ पट्टी लावून तपासले. आता दाते झिजतील तेव्हा फक्त कडी बदलायची. ड्रम माझ्या नातवापर्यंत टिकेल.

येथे एक विषयांतर करण्याची मुभा असावी. स्प्रॉकेटला 'दंतचक्र' म्हणावे अशी सूचना माझ्या एका संस्कृतज्ञ सहकाऱ्याने केली. शब्द सुरेख आहे. परंतु तो घेऊन मी दुकानात गेलो तर दुकानदार मला दंतवैद्याचा पत्ता देईल. गाळ्यातली माणसे जे नाव घेतात तेच येथे घेतले आहे.

दुसरे पाप पुढच्या स्प्रॉकेटचे. तेथे १६ दाते होते, मी १७ केले. याचा परिणाम काय होतो? मागच्या चाकाच्या एका फेरीला गिअरबॉक्सच्या बाहेरच्या दांड्याला पूर्वी २.३७५ फेऱ्या घ्याव्या लागत, आता सुमारे २.२४ घ्याव्या लागतात. म्हणजे त्याच वेगाला इंजिन दर शंभर फेऱ्यांमागे सहा फेऱ्या कमी धावते. पन्नाशी उलटलेल्या इंजिनास एवढी सवलत दिली तर बिघडले कोठे? चढावर जोर तितकाच कमी मिळतो हे खरे. जुन्या रस्त्याने खंडाळ्याचा घाट चढताना मला पूर्वीपेक्षा लवकर खालचा गिअर टाकावा लागतो, आणि चढावर उभी गाडी हलवताना क्लचवर थोडा अधिक ताण येतो. हा सौदा मी डोळे उघडे ठेवून केला आहे. वेगाचा काटा पुढच्या चाकावरून चालतो, त्यामुळे तोही खोटे बोलू लागलेला नाही.

सतराच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला विशेष गमतीची वाटते. समजा चेनला १०० कड्या आहेत. सोळा दात्यांच्या स्प्रॉकेटवर अशी चेन फिरली तर शंभर आणि सोळा यांचा साधारण विभाजक चार असल्यामुळे चेनची कोणतीही एक कडी फिरून फिरून त्याच चार दात्यांवर येऊन बसते. एखादी कडी सदोष असली तर तेवढ्या चार दात्यांचा घास घेते. सतरा दाते असले म्हणजे प्रत्येक कडी पाळीपाळीने प्रत्येक दात्याची भेट घेते, आणि झीज सर्वांत सारखी वाटली जाते. याचे कारण, सतरा ही मूळ संख्या आहे. मूळपणाचा एवढा अभिमान बाळगणाऱ्यांनी सोळासारख्या संयुक्त संख्येचा पक्ष घ्यावा, हे दैवदुर्विलसित म्हटले पाहिजे!

दात्यांची संख्या फार कमी केल्यास काय होते हेही सांगून टाकतो. कारण हल्ली काही उत्साही तरुण गाडीला 'ओढ' यावी म्हणून पुढे लहानात लहान स्प्रॉकेट बसवतात. चेन वर्तुळावरून फिरत नाही, बहुकोनावरून फिरते. त्यामुळे पुढचे स्प्रॉकेट एकसारख्या गतीने फिरत असले तरी चेनची गती प्रत्येक दात्यागणिक किंचित वरखाली होते. सोळा दात्यांवर हा फरक दोन टक्क्यांच्या आतबाहेर असतो, तेरांवर तीन टक्क्यांच्या जवळ जातो, आणि तो धक्का प्रत्येक कडीच्या सांध्याला बसतो. उलट बाजूचे वीर एकोणीस दाते लावून वेगाच्या मागे लागतात, आणि आपल्या मागच्या चाकात जुना सहा इंचांचा ब्रेक आहे हे विसरतात. शुद्धिवादी मंडळी माझी गणना यांच्यातच करतात, याचे मला अधिक वाईट वाटते. समजून केलेला बदल आणि हौसेखातर केलेली मोडतोड यांत भेद न करणे ही पांडित्याची खूण नव्हे. अर्धा इंच कडीची हलकी चेन बसवण्याचा सल्लाही मला मिळाला होता. पाच-अष्टमांश इंचाच्या सोळा दात्यांऐवजी अर्ध्या इंचाचे वीस दाते घेतले तर वर्तुळाचा व्यास जवळजवळ तोच राहतो, म्हणजे ते होण्यासारखे आहे. मागे मात्र साडेसत्तेचाळीस दाते येतात, आणि अर्धा दाता कोणी कापून देत नाही. पण ती चेन माझ्या गाडीच्या वजनाला पुरेशी मजबूत आहे अशी माझी खात्री पटली नाही, म्हणून मी तो नाद सोडला. मर्यादा मलाही कळते.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. चेन आणि स्प्रॉकेट हे 'मूळ' राहू शकतात काय? आज वापरात असलेली बुश-रोलर चेन १८८० साली हान्स रेनॉल्ड या मँचेस्टरमध्ये स्थायिक झालेल्या स्विस गृहस्थाने पेटंट घेतलेल्या चेनची वंशज आहे. तिची सारी करामत झिजण्यात आहे. पिन आणि बुश एकमेकांवर घासतात, प्रत्येक सांध्यात केसाएवढी पोकळी पडते, आणि शंभर सांध्यांच्या पोकळ्या मिळून चेन लांबते. लोक म्हणतात चेन ताणली गेली. वस्तुतः पोलाद ताणले जात नाही, सांधे खंगतात. पाच-अष्टमांश इंचाच्या सोळा कड्या मोजल्या तर बरोबर दहा इंच भरल्या पाहिजेत. त्या दहा पूर्णांक एक-पंचमांश भरू लागल्या की ती चेन संपली. मुंबईच्या पावसात, हिंदमाताच्या चिखलात, हे किती लवकर घडते ते येथील कोणताही मेकॅनिक सांगेल. मैसूरच्या कारखान्यात झालेल्या जुन्या जावांना चेनभोवती संपूर्ण बंद पेटी असे. ती आमच्या बुलेटला असती तर हा लेखच लिहावा लागला नसता. सांगावयाचे तात्पर्य, जी वस्तू झिजून नाहीशी व्हावी म्हणूनच घडवली आहे, तिच्या मूळपणाचा आग्रह धरणे म्हणजे दिव्यातील तेल मूळचेच असले पाहिजे असा आग्रह धरण्यासारखे आहे.

आणि बुलेटचे मूळ तरी कोणते? गाडी इंग्लंडातील रेडिचची. १९५५ साली मद्रासमध्ये एनफिल्ड इंडिया स्थापन झाली. प्रथम सुटे भाग आणून जोडणी, मग तिरुवोत्तियूरच्या कारखान्यात सबंध गाडीच येथे तयार होऊ लागली. रेडिचचा कारखाना १९६७ साली बंद पडला; माझी गाडी त्यानंतर एका वर्षाने जन्मली. म्हणजे आईच्या पश्चात झालेले हे लेकरू. तिला रेडिचच्या पत्रकाशी ताडून पाहायचे, की मद्रासच्या? हा प्रश्न मी परीक्षकांना विचारला. त्यांनी स्मित केले.

त्यांच्या बाजूने जे सांगण्यासारखे आहे ते मी लपवीत नाही. जुने वाहन हा एक प्रकारचा दस्तऐवज आहे. प्रत्येकाने आपल्या सोयीप्रमाणे त्यात खाडाखोड केली तर पन्नास वर्षांपूर्वी गाडी कशी होती हे उद्या कोणास कळणार, असे ते म्हणतात. हे म्हणणे वजनदार आहे. माझा ड्रम एकदा कातला तो कातला. ते दाते परत उगवणार नाहीत, हेही खरे. परंतु आकड्यासारखे वाकलेले ते दाते १९६८ च्या कारागिरीचा पुरावा होते काय? ते फक्त मधल्या वर्षांच्या झिजेचा पुरावा होते. दस्तऐवजच म्हणावयाचा असेल तर दस्तऐवजांच्या बाबतीत आपल्याच पुण्यात काय झाले ते पाहावे. भांडारकर संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले, १९२५ पासून सुकथनकरांनी त्याला शिस्त लावली, आणि १९६६ साली ते पुरे झाले. व्यासांच्या हातचे मूळ आपल्याला सापडले असा दावा त्या विद्वानांनी केला नाही. उपलब्ध पोथ्यांवरून जितके मागे जाता येईल तितके ते गेले, आणि प्रत्येक पाठभेद पानाच्या तळाशी प्रामाणिकपणे नोंदवून ठेवला. पोथी टिकली ती कोणी तरी जीर्ण पानाची नक्कल केली म्हणून. जुने पानच पूजीत बसणाऱ्याच्या घरी वाळवी लागली. मीही एक वही ठेवली आहे. कोणत्या तारखेला काय कातले, काय बसवले, मूळ माप काय होते, हे सारे तीत लिहिलेले आहे. ती वही मी परीक्षकांपुढे केली तेव्हा त्यांनी ती उघडून पाहिली नाही. दस्तऐवजाची ज्यांना एवढी चाड, त्यांनी दस्तऐवज वाचण्याचे नाकारावे, याला काय म्हणावे?

कोणी म्हणेल, कायदाच असा आहे. मी कायदेपंडित नव्हे, पण नियम वाचता येतात. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून जुन्या वाहनांसाठी निराळी नोंदणी सुरू केली. पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षे होऊन गेलेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी 'विंटेज' ठरते. शुल्क वीस हजार रुपये. तिच्यात भरीव फेरबदल झालेले नसावेत, आणि ते कशात, तर चासी, बॉडी आणि इंजिन यांत. चेनच्या दात्यांचा त्यात उल्लेख नाही. म्हणजे सरकारने जेथे मोकळीक ठेवली तेथे आमच्या मंडळींनी स्वखुशीने सोवळे नेसले आहे. त्याच नियमांत दुसरे एक कलम आहे, ते मात्र या पंथाला मनापासून आवडावे असे आहे: विंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणावयाची नाही. मेळावा, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच तिने घराबाहेर पडावे. मी ती नोंदणी केलेली नाही, करणारही नाही. दर पाच वर्षांनी साध्या नोंदणीचे नूतनीकरण करून मी ती चालवतो. वडिलांनी ती प्रदर्शनासाठी घेतली नव्हती.

ज्या वस्तीत हे सारे घडले तिचे नावच भोयांवरून पडलेले आहे. पालखी वाहणाऱ्या भोयांनी वाटेत खांदा बदलला म्हणून पालखी बाटली, असे आजवर कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. जगन्नाथपुरीला तर देवाची काष्ठमूर्तीच नवी घडवतात. २०१५ साली असे नवकलेवर झाले, आणि लाखो भाविकांपैकी कोणी जगन्नाथास नक्कल म्हटले नाही. फार लांब कशाला, आमच्याच परळ-लालबागच्या गिरण्या आरंभी वाफेवर चालत. १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईत आली आणि एकामागून एक गिरण्यांनी आपली शक्ती बदलली. माग तेच राहिले, कापड तेच राहिले. गिरणीतल्या जाणत्या माणसांस हे ठाऊक होते की शक्ती एका चाकावरून दुसऱ्या चाकावर नेणारे जे साधन, ते बदलावयाचेच असते. तोच जाणता हात आज भोईवाड्याच्या एका गाळ्यात उरला आहे. त्याने केलेल्या कामाला 'बाटवणे' म्हणणाऱ्यांना मी विचारतो, तुमच्या मेळाव्यात मूळ रंगाला गुण आहेत, मूळ टायरच्या नक्षीला गुण आहेत, मूळ आरशाला गुण आहेत; चांगल्या टर्नरच्या कामाला किती गुण आहेत? मी ते गुणपत्रक वाचले आहे. त्यात तसा रकानाच नाही. आणि तो रकाना नाही म्हणून त्या गाळ्यात शिकायला कोणी पोरगा येत नाही. टर्नर काकांची दृष्टी आता मंद झाली आहे. डायलचा काटा वाचायला ते मला हाक मारतात, आणि मी इंग्रजी वाङ्मय शिकवणारा माणूस लेथपाशी उभा राहून त्यांना शतांश वाचून दाखवतो. ही आपली शिल्लक!

नवी कडी बसवल्याला आता अडीच वर्षे झाली. सोळा कड्या गेल्या रविवारी मोजल्या, दहा इंचांहून किंचित अधिक भरल्या. पुढच्या पावसाळ्यानंतर चेन बदलावी लागेल, ड्रम नव्हे. राहिला प्रश्न त्या मूळच्या ३८ दात्यांचा. लेथखाली त्यांचा जो कीस पडला तो टर्नर काकांनी इतर किसाबरोबर गोणीत भरून भंगारवाल्याला वजनावर दिला. परीक्षकमहाशयांस ते हवे असल्यास त्यांनी तेथे चौकशी करावी.